नायकाची पुडी

"कोण जाऊन राह्यलं रे रस्त्यानं? भाकर खाऊन जा."

हा आवाज मानीबाईनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा माणूस दिसत नव्हता. ती बापाच्या मागं, डोक्यावर गाठोडं घेऊन, घाटंजीच्या बाजाराहून परत चालली होती. पळसाच्या रानाआड कुठंतरी बैलांच्या घंटा वाजत होत्या, आणि त्या घंटांवरून उडी मारून तो आवाज रस्त्यावर आला. ओळख ना पाळख. कोण चाललंय हे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं, नुसती पावलं ऐकली होती. बाप हसला आणि म्हणाला, "ह्या माणसाच्या घरात जी पोरगी जाईन, तिचा तवा कधी थंडा होणार नाही. तिच्या सोताच्या पोटात काही पडन का नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही."

पुढच्या होळीनंतर ती पोरगी मानीच ठरली.

तो आवाज पौषात गेला. धरमसिंग नायक गेला, आणि बायांनी मानीबाईच्या केसांना गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या उतरवल्या. इतक्या वर्षांचं वजन गेल्यावर डोकं हलकं झालं, पण पाठीवरची गोणी उतरवलेला बैल जसा उगाच त्याच जागी उभा राहतो, तशी ती उभी राहायची. चुलीशी, विहिरीशी, कुठंही.

आता फागुन लागला होता. होळी नायकानं पेटवायची, म्हणून होळीआधी तांड्याला नवा नायक हवा होता. धरमसिंगला मुलगा नव्हता. धाकटा भाऊ होता, किसनसिंग. पगडी त्याच्याच डोक्यावर यायची. पण त्या सकाळी सेवाभायाच्या देवळापुढं नसाब बसायची होती ती पगडीसाठी नव्हती. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ती किसनसिंगला एकच गोष्ट विचारणार होती: दोघा भावांना एकच आजार, दोघांना एकच औषध, मग तू कसा उरलास? भावाच्या गोळ्या तू खाल्ल्यास काय?

हो ठरलं तर तो तांड्याबाहेर. त्याच्या चुलीचा विस्तव कुणी नेणार नाही, त्याला पाणी कुणी घालणार नाही, त्याच्या पोरींना कुणी मागणार नाही.

खरं काय ते मानीबाईला ठाऊक होतं. तिनं ते तोंडात धरून ठेवलं होतं. मरणाऱ्या माणसाला तिनं तसा शब्द दिला होता.

*

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी दोघा भावांना खोकला लागला. धरमसिंगचा खोकला हसण्यात मिसळून यायचा, त्यामुळे हसणं कुठं संपलं आणि खोकला कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. किसनसिंग खोकायचा तो कुणाशी भांडल्यासारखा. यवतमाळला छातीचे फोटो निघाले, आणि घाटंजीच्या दवाखान्यात अनंतराव डॉक्टरांनी दोघांना एका बाकावर बसवून सांगितलं की हा क्षय आहे, पण भिऊ नका, आता याच्यावर औषध आहे. पांढऱ्या बारीक गोळ्या, आणि त्यांच्या जोडीला मोठ्या, मळमळ आणणाऱ्या. रोज घ्यायच्या. वर्ष-दीड वर्ष. खोकला थांबला तरी घ्यायच्या. दर बाजाराच्या दिवशी येऊन आठवड्याची पुडी न्यायची.

"दीड वर्ष?" किसनसिंग म्हणाला. "काहून? तुमच्या गोळीत दम नाही काय?"

"दम गोळीत आहे. तुझ्यात आहे का ते बघू."

"यात कशाची चरबी-बिरबी त नाही?"

"नाही."

"मोजून द्या मंग. मागच्या खेपेले पुडीत कमी होत्या."

"मागच्या खेपेला तू आलाच नव्हतास."

"दुसऱ्याच्या कमी होत्या म्हणतो मी."

धरमसिंग हसता हसता खोकला. "डॉक्टरसाहेब, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. लहानपणी मायचं दूध बी यानं हुंगून पेलं."

अनंतराव यवतमाळच्या शिकल्या-सवरल्या घरातले. त्यांच्या वाडवडिलांनी कचेऱ्यांत आणि कोर्टात दिवस काढले होते. त्यांना खेड्यातला माणूस एक तर घाबरलेला माहीत होता, नाही तर अडेल. धरमसिंग ह्या दोन्हीत बसत नव्हता. तो आला की दवाखान्याच्या ओसरीला बाजार भरल्यासारखं वाटायचं. कंपाउंडरला नावानं हाक, बाकावरच्या म्हातारीला बसायला जागा, डॉक्टरांसाठी कधी टेंभरं, कधी मोहाची फुलं. डॉक्टर म्हणतील त्याला मान डोलवायचा. अनंतराव एकदा म्हणाले, "नायक, तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर माझं अर्धं काम झालं. तुम्ही बरे होणार." मग किसनसिंगकडं वळून, "तू मात्र अर्ध्यात सोडशील. तुझी जात मी ओळखतो, शंकेखोरांची. गोळ्या फेकून देऊ नकोस म्हणजे झालं."

"फुकट भेटलेलं फेकाले मी काय नायक हावो?" किसनसिंग म्हणाला, आणि पुडी फेट्याच्या आतल्या पदरात बांधून घेतली.

डॉक्टरांनी फेकू नका म्हणून बजावलं. विसरू नका म्हणून बजावलं. दारू पिऊ नका म्हणून बजावलं. गोळी दुसऱ्याला देऊ नका, असं मात्र ते बोलले नाहीत. औषध कुणी वाटून खाईल, हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कुठून?

*

तांड्यात बोकड कापला की मांसाचे घरटी वाटे पडतात. नायकाचा वाटा जेवढा, रांडमुंड म्हातारीचा तेवढाच. नायकाच्या हाती बाहेरून जे येईल, ते झाकून घरात न्यायचं नसतं. मधाचं पोळं असो, शिकार असो, पाहुण्यानं आणलेला गूळ असो, ते आधी चिंचेखाली उघडायचं. झाकलेली पुडी घेऊन नायक घरात शिरला तर तांडा काही बोलत नाही. नुसता बघतो. ते बघणं धरमसिंगच्या बापानं सोसलं नव्हतं, आजानं सोसलं नव्हतं. धरमसिंगला तर ते सोसावं लागेल अशी वेळच कधी आली नव्हती, कारण झाकणं त्याच्या हातालाच माहीत नव्हतं.

पहिल्या बाजाराहून भाऊ परतले तेव्हा चिंचेखाली धनीबाई बसली होती. म्हातारी, एकटी, आणि तांड्यात सगळ्यात लांब जिभेची. तीही खोकायची.

"नायक, काय आणलं पुडीत?"

"औषध हाये, काकी."

"कायचं?"

"खोकल्याचं."

"बरं हाये बापा," धनीबाई म्हणाली. "नायकाचा खोकला घाटंजीले जाते. आमचा इथंच बसते, चिंचेखाली."

तेवढंच बोलली. मग खोकली. त्या खोकण्यात थोडं नाटक होतं आणि थोडं खरं होतं. धरमसिंग उभा राहिला, तिच्याकडं बघितलं, पुडीकडं बघितलं. मानीबाई दारात पाण्याचा लोटा घेऊन उभी होती. नवऱ्याचा चेहरा कसा हलतो ते तिला ओळखू येत होतं, ढग हलला की खालच्या रानाचा रंग हलतो तसा.

"असं कसं, काकी," तो म्हणाला. "सरकारनं साऱ्या तांड्यासाठी धाडलं हाये. तुह्याबिगर कसं होईन?" आणि त्यानं पुडी उघडली.

किसनसिंग तोवर घरात शिरला होता आणि त्यानं आतून कडी घातली होती.

दुसऱ्या दिवशी कारभारी देवसिंगची सून आली, तीही खोकत होती. देवसिंग म्हणजे नायकाचा उजवा हात, तांड्याचा हिशेबी माणूस. त्याच्या सुनेला नाही कसं म्हणणार? मग आणखी कुणी. दोन-तीन दिवस पांढरी गोळी पोटात गेली की खोकला जरा बसायचा, भूक लागायची, आणि तांडाभर बोलणं व्हायचं की आपल्या नायकाचं सरकारदरबारी वजन आहे, त्यानं औषध आणलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो परतला तेव्हा चिंचेखाली माणसं आधीच येऊन बसली होती. हात धुऊन बसली होती, प्रसादाला बसतात तशी.

मानीबाई लोटा भरून उभी राहायची. ज्यानं त्यानं गोळी तोंडात टाकायची, वरून पाणी प्यायचं. मोठ्या गोळ्यांनी मळमळ होते म्हणून त्या कुणी मागत नसे. त्या धरमसिंगला उरायच्या, तेवढ्याच. पांढरी कधी एक-दोन दिवस पुरायची, कधी तीही नाही.

"तुमी काय खासान?" तिनं एकदा विचारलं.

"मी खाल्ली ना आज."

"अन् सकाळी? परवा?"

"तुह्यं आपलं काहीतरी." तो हसला. "अवं, मी धडधाकट माणूस. बैल उचलत होतो मी. त्या धनीकाकीच्या छातीत काय हाये आता? चिपाड हाये. तिले जास्त पायजे का मले?"

हे बोलणं ऐकायला इतकं चांगलं होतं की त्याच्यापुढं काहीही बोललं तर आपणच वाईट दिसू, असं तिला वाटलं. चांगल्या माणसाशी संसार करण्यात हा एक त्रास असतो. त्याला अडवायला जो हात पुढं होतो, तो हात कंजूष दिसतो.

तिनं ज्वारीच्या कणगीत गोळ्या लपवून पाहिल्या. त्याला सापडल्या. रागावला नाही, उलट "बायको माही उंदीर झाली" म्हणून साऱ्यांना हसून सांगितलं आणि वाटून टाकल्या. मग तिनं गोळी कुटून त्याच्या भाकरीच्या पिठात मळली. भाकर ताटात पडली, आणि त्याच वेळी दारावरून कुणी वाटसरू गेला. धरमसिंगनं त्याला हाक मारून बोलावलं, आणि ती भाकर मधोमध मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. वाटसरू कडवट तोंड करून खाऊन गेला, चांगलं घर म्हणून आशीर्वाद देऊन गेला.

जात्यावर बसली की तिच्या तोंडून आपोआप येई:

गोड बोले माहा धनी, गोड वाटे गं जगाले,
त्याच गोडीनं बाई, कीड लागली झाडाले.

शेजारीण म्हणे, छान जोडलंस व नायकण. मानीबाई दाणे टाकत राही.

*

आणि किसनसिंग खात होता.

त्यानं घाटंजीहून कुलपाची पत्र्याची डबी आणली होती. किल्ली करदोड्याला. उजाडलं की घराचं दार लावून घ्यायचा, मोठ्या गोळ्या एकेक करून गिळायचा, ओकारी आली तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरायचा. फुकट आलेली वस्तू ओकून वाया घालवणं त्याच्या जिवावर यायचं. गोळी जमिनीवर पडली तर तो ती शोधायला सारं घर झाडायचा. धनीबाई एकदा त्याच्या दाराशी जाऊन खोकली. आतून आवाज आला, "काकी, खोकाचं असन त नायकाच्या दारात जाऊन खोक. इथं काही भेटत नाही."

तांडा त्याला आधीही नावं ठेवायचा. आता त्याच्या दाराकडं बघून थुंकायचा.

एक दिवस विहिरीवर त्यानं मानीबाईला गाठलं. आडवं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सरळ बोलला.

"भोजाई, तू त्याले सांग. हे गोळ्या वाटाचं बंद कर म्हणा. नाही त तो मरते."

"कोणाले सांगतो तू?" मानीबाई तापली. "कुलूप लावून खाणारा माणूस मले शिकवते. तुह्या डबीतल्या दे ना दोन त्याले."

"मी देल्ल्या त तो त्या बी वाटन," किसनसिंग म्हणाला. "मंग आमी दोघं बी मरू. अन् तांडा म्हणन, काय चांगले भाऊ होते."

तिनं घागर उचलली आणि चालू लागली. तो बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, याचाच तिला राग आला. त्या माणसाच्या तोंडातून निघालं म्हणून खरंही तिला घाण वाटलं.

दिवाळीच्या आधी धरमसिंगच्या थुंकीत रक्त आलं. आवाज बसला. अनंतरावांनी नवा फोटो काढायला लावला. तो उजेडाकडं धरून त्यांनी जुन्या फोटोशी ताडून पाहिला.

"नायक, गोळ्या घेता ना रोज?"

"न घेऊन कसं चालन, साहेब? तुमी इतक्या पिरमानं देता." बसलेल्या आवाजातही तो हसला, आणि अनंतरावांनाही हसू आलं. मग ते मानीबाईकडं वळले. ती पदर पुढं ओढून बाकाच्या टोकाला बसली होती.

"बाई, घेतात ना हे?"

नवरा शेजारी होता. तो बघत नव्हता, पण त्याचं सारं अंग कान झालं होतं. मानीबाईनं मान हलवली. हो.

अनंतराव खुर्चीत टेकले. "मग कळत नाही. धाकट्याला इतका छान गुण आला, आणि तो तर..." निघता निघता मानीबाईनंच पदराआडून हळू विचारलं, "साहेब, कोणी एक दिवस खाल्ली, चार दिवस नाही, त काय होते?"

"अर्धवट खाणं म्हणजे आतल्या किड्याला तालीम देणं. त्यापेक्षा न खाल्लेली बरी. पुढं मग कुठलीच गोळी चालत नाही." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "का विचारलं?"

"किसनसाठी," ती म्हणाली.

हे तिला नंतर टोचत राहिलं. खोटं बोललीच, आणि तेही त्या माणसाच्या नावावर.

मरायच्या आधी धरमसिंगचा आवाज इतका बारीक झाला होता की कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. बाहेर अंगणात तांडा बसला होता. सारे त्याचेच, सारे रडत होते.

"मानी," तो म्हणाला, "त्याइले सांगू नको."

"काय?"

"सरकारनं धाडल्या होत्या. तेच राहू दे. नाही त त्याइले ते खाल्लेलं पचणार नाही."

मरता मरताही त्याला त्यांच्या पोटाची काळजी. मानीबाईच्या मनात आलं, माह्या पोटाचं काय? हे कोणाले पचन? पण तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

तेराव्याला अनंतराव मुद्दाम तांड्यावर आले होते. चिंचेखाली बसून हळहळले. भला माणूस होता म्हणाले, सांगितलेलं सारं करायचा म्हणाले. "दोघा भावांना मी औषध सारखंच दिलं. पुड्या सारख्याच. एकाला लागू पडलं, एकाला नाही. कधी कधी होतं असं." ते गेले. पण सारख्याच पुड्या, हे शब्द चिंचेखाली राहिले. तांड्यानं ते उचलले, चघळले, आणि दोन महिन्यांत त्यातून एक गोष्ट तयार केली. दोन पुड्या येत होत्या. सरकारी औषध वेगळं, तांड्याचं. नायकाची स्वतःची पुडी वेगळी. ती कुठं गेली? ज्याच्या घरात कुलपाची डबी आहे तिथं. आणि नायक मेला तर पगडी कोणाला? त्यालाच.

*

नसाब बसली. पुरुष गोल करून, बाया मागं देवळाच्या भिंतीला टेकून. किसनसिंग मध्ये उभा होता. अंग भरलं होतं त्याचं, गाल वर आले होते. त्या गोलातल्या सुकलेल्या माणसांत ते अंग गुन्ह्यासारखं दिसत होतं.

"बोल बे," देवसिंग म्हणाला. "सोताच्या खाल्ल्या अन् भावाच्या बी खाल्ल्या?"

"माह्या मी खाल्ल्या. त्याच्या मी हाती बी धरल्या नाहीत."

"मंग तो काहून मेला?"

किसनसिंगनं गोलावरून नजर फिरवली. "तुमी सांगा. चिंचेखाली कोण बसत होतं? सरकारनं काही धाडलं नव्हतं. भाऊ आपल्याच पुडीतल्या वाटत होता. तुमाले."

एकदम कल्ला उठला.

"मेलेल्या माणसावर घाण टाकते."

"नायक खोटं बोलला म्हणते हा. धरमसिंग नायक."

"आमी त्याच्या तोंडचं खाल्लं म्हणते," धनीबाई भिंतीजवळून म्हणाली. तिला खोकला आला, तो आता पहिल्यासारखा नाटकातला राहिला नव्हता. "तुह्या जिभेले किडे पडो. सोताच्या भावाले गिळलं अन् वरून आमच्यावर आणते."

"भोजाईले विचारा," किसनसिंग म्हणाला.

"बाईले नसाबीत बोलावते."

"विचारा म्हणतो मी. तिनं लोटा धरला होता."

देवसिंगनं हात वर केला. बोलणं थांबलं. तो उठला, बायांच्या बाजूला तोंड केलं. जमिनीकडं बघत, मानानं बोलला. "नायकण, तुह्यं दुख आमाले माहीत हाये. तुले बोलाचं काम नाही. फक्त मान हालव. हा खोटं बोलून राह्यला, इतकंच."

मानीबाई पदराच्या आत उभी होती. आतून सारं जग लाल दिसत होतं आणि त्या लाल जगात किसनसिंगचे गाल दिसत होते. हा जगला. कुलूप लावून, दार लावून, तोंड दाबून जगला. म्हातारीला हाकलून जगला. याच्यासाठी शब्द मोडायचा? मान हलवली तर नायक नायक राहील, मोठ्या मनाचा, सरकारकडून औषध आणणारा. होळीत त्याचं नाव गायलं जाईल. तांडा सुखानं त्याला रडेल. आणि एक कंजूष माणूस बायकोपोरींसकट रस्त्याला लागेल, त्यात कुणाचं काय जातं?

तिची मान हलायलाच आली होती. डॉक्टरांसमोर जशी हलली होती, तशीच, सवयीनं.

देवसिंगची सून शेजारी बसली होती. चेहरा मेणासारखा. ती पदराच्या बोळ्यात खोकली, आणि बोळा घाईनं मुठीत दडवला. बोळ्याचा लाल डाग मानीबाईनं पाहिला. सूनही तिच्याकडं बघत होती, भरवशानं, हात धुऊन चिंचेखाली बसायची तशीच. ह्या पोरीनंही अर्धवटच खाल्ली होती. आता ही घाटंजीला जाईल, पुडी आणेल, आणि ती गोळी हिला चालायची नाही. कुणी हिला सांगितलंही नाही. मोठं मन म्हणून जे काही वाटलं गेलं होतं, ते हे होतं.

मानीबाईनं पदर मागं केला. नसाबीपुढं कुणा बाईनं केला नव्हता तसा, पार डोक्यामागं. उघड्या डोक्याला ऊन लागलं.

"किसन खोटा नाही," ती म्हणाली.

"सांगतलं होतं ना मी," किसनसिंग म्हणाला.

"तू गप. तू जगला, त तोंड वर करू नको." मग ती देवसिंगकडं वळली. देवसिंग अजून जमिनीकडंच बघत होता. ती धनीबाईकडं वळली, सुनेकडं वळली, आणि तिचा आवाज हलकाच होता, पीठ चाळताना बोलावं तसा.

"सरकारनं तांड्यासाठी कधीच काही धाडलं नाही. त्या नायकाच्या होत्या. त्याच्या एकट्याच्या. त्याले जगाले लागत होत्या, अन् तुमी बसून एकेक खाल्ल्या. मी तुमाले पाणी देत होती. तो मरून राह्यला हे मले दिसत होतं, अन् मी पाणी देत होती."